सॅकवरचा सूर्य

डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी कोकणकड्यावर उभं राहून तळहात सूर्याकडे धरा. त्यावरची एक चौरस सेंटिमीटर जागा बघा, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. तेवढ्या जागेवर दर सेकंदाला प्रकाशाचे सुमारे ४० कोटी अब्ज कण येऊन आदळत असतात. चारावर सतरा शून्यं! आपल्याला त्यातलं काही कळत नाही. हात थोडा गरम लागतो, इतकंच. पण त्याच जागी सिलिकॉनचा एक पातळ काप ठेवला, तर यातल्या निम्म्याहून जास्त कणांमागे एकेक इलेक्ट्रॉन जागचा उठू शकतो आणि तारेतून चालू लागतो. काही फिरत नाही, काही जळत नाही, आवाज नाही की धूर नाही. आणि सॅकच्या कप्प्यात ठेवलेल्या पॉवर बँकेचा दिवा लुकलुकायला लागतो.

ट्रेकला नेता येणारं घडीचं सोलर पॅनेल आता सहज मिळतं. तीन-चार घड्यांचं, वहीएवढं, अर्धा किलोच्या आसपास वजनाचं. त्याच्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते: '२८ वॅटचं म्हणून घेतलं, दिवसभर सॅकवर लावून हिंडलो, तरी फोन निम्मासुद्धा भरला नाही.' तक्रार अगदी खरी असते. पॅनेलचे काही हट्ट आहेत. त्याला सावली चालत नाही, तिरकं ऊन चालत नाही, तापलेलं चालत नाही. हे तिन्ही हट्ट त्या एका इलेक्ट्रॉनच्या उठण्यातून निघतात. ती घटना एकदा नीट समजली की ट्रेकवर पॅनेल कसं वापरायचं याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात. आणि ती घटना इतकी विलक्षण आहे, की पॅनेल घ्यायचं नसलं तरी समजून घ्यावी.

कण आणि इलेक्ट्रॉन

सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला हायड्रोजनपासून हेलियम बनत असतो. त्या घडामोडीत सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान गमावतो आणि त्याची ऊर्जा होते. गाभ्यातून पृष्ठभागाकडे येताना ही ऊर्जा पावलोपावली शोषली जाते, पुन्हा बाहेर फेकली जाते, परत अडते. तिला बाहेर यायलाच हजारो वर्षं लागतात. पृष्ठभाग सुटला की मात्र पुढचं १५ कोटी किलोमीटरचं अंतर प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत कापतो. वातावरणाच्या माथ्यावर पोचतो तेव्हा दर चौरस मीटरमागे सुमारे १३६१ वॅट असतात. हवा, बाष्प आणि धूळ यांनी आपापला वाटा काढून घेतला की स्वच्छ दुपारी जमिनीवर साधारण १००० वॅट उरतात.

आता सिलिकॉन. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते चारही शेजारच्या अणूंशी बंध करण्यात गुंतलेले असतात. स्फटिकात सगळे आपापल्या जागी बांधलेले. त्यातला एक सोडवायचा तर ठरावीक किमान ऊर्जा लागते, १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रकाशाच्या एका कणापाशी, म्हणजे फोटॉनपाशी, तेवढी ऊर्जा असली तर इलेक्ट्रॉन सुटतो. नसली तर काहीच होत नाही. असे दुबळे फोटॉन कितीही आले तरी उपयोग नाही, कारण दोघांनी मिळून एक इलेक्ट्रॉन सोडवण्याची सोय इथे नाही. सूर्यप्रकाशाच्या अवरक्त भागातला दूरचा पट्टा असा सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. उलट निळ्या प्रकाशाच्या फोटॉनपाशी गरजेच्या दुप्पट-अडीचपट ऊर्जा असते, पण तोही एकच इलेक्ट्रॉन सोडवतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

या दोन गळत्यांतच निम्मी ऊर्जा संपते. एकाच पदार्थाच्या साध्या सौरघटातून जास्तीत जास्त किती वीज निघू शकेल, याचं गणित विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ साली मांडलं. उत्तर आलं साधारण एक तृतीयांश. आज चांगल्या पॅनेलमधले घट २२ ते २४ टक्क्यांपर्यंत पोचले आहेत. 'फक्त बावीस टक्के?' असं वाटत असेल, तर निसर्गाने घातलेली मर्यादाच तेहेतिसाच्या आसपास आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

इलेक्ट्रॉन नुसता सुटून भागत नाही, तो एका दिशेने चालायला हवा. नाहीतर तो जिथे सुटला तिथेच पुन्हा बसेल. म्हणून सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचे चिमूटभर अणू मिसळतात आणि दुसऱ्या थरात बोरॉनचे. हे दोन थर जिथे भेटतात तिथे कायमचं विद्युतक्षेत्र तयार होतं. सुटलेला इलेक्ट्रॉन त्या सीमेजवळ आला की एका बाजूला ढकलला जातो आणि माघारी येऊ शकत नाही. घरी परतायला त्याला एकच वाट मोकळी असते: वरच्या चंदेरी रेघांमधून, केबलमधून, आपल्या पॉवर बँकेतून वळसा घालून. सौर वीज म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉनांनी घातलेला हा वळसा.

आणि हे सिलिकॉन येतं कुठून? ऑक्सिजनच्या खालोखाल भूकवचात सर्वांत जास्त असलेलं मूलद्रव्य हेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला. वजनाने पाहिलं तर त्यातला जवळपास निम्मा भाग सिलिका आहे, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी. म्हणजे ज्या कातळावर आपण पॅनेल पसरतो, त्याच्या पोटात पॅनेलचा मूळ घटक ठासून भरलेला आहे. कारखान्यात सिलिकॉनसाठी कातळाऐवजी बऱ्यापैकी शुद्ध गारगोटी घेतात, भट्टीत कोळशाबरोबर तापवून तिच्यातला ऑक्सिजन काढून टाकतात, मग परकी द्रव्यं दहा लाखांत एकापेक्षाही कमी उरेपर्यंत शुद्ध करतात. १४१४ अंशांवर वितळलेल्या त्या द्रवातून एकसंध स्फटिकाचा दंडगोल ओढून काढतात आणि त्याचे मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे पातळ काप करतात. दगड तोच असतो, फक्त त्याच्या अणूंना शिस्त लावलेली असते.

रानातल्या टेलिफोनसाठी लागलेला शोध

प्रकाशातून वीज निघते हे पहिल्यांदा दिसलं १८३९ साली, पॅरिसमध्ये. एडमंड बेकरेल नावाचा १९ वर्षांचा मुलगा वडिलांच्या प्रयोगशाळेत द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पाडून बघत होता, तेव्हा तारेतून वीज वाहिली. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स या अमेरिकन संशोधकाने सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ थर देऊन घट बनवले. त्यांची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास होती. हे का घडतं, प्रकाश कणांनी येतो म्हणजे नक्की काय, याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये केला आणि १९२१ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं.

सिलिकॉनची गोष्ट सुरू झाली ती एका तडा गेलेल्या तुकड्यापासून. १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनचे नमुने तपासत होते. एका नमुन्याला तडा होता. त्यावर दिव्याचा झोत पडला की तो अनपेक्षितपणे जोरदार वीज देई. तड्याच्या दोन बाजूंना अशुद्ध द्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात जमली होती. वर सांगितलेली दोन थरांची सीमा तिथे आपोआप तयार झाली होती.

त्याच प्रयोगशाळेतल्या डॅरिल चॅपिन या अभियंत्यापुढे पुढे एक प्रश्न आला. उष्ण, दमट प्रदेशांतल्या दूरवरच्या टेलिफोन यंत्रणांच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. त्यांना दुसरी कुठली वीज देता येईल? चॅपिन, रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन फुलर आणि भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड पिअरसन या तिघांनी मिळून सिलिकॉनचा सौरघट बनवला आणि २५ एप्रिल १९५४ रोजी तो जगाला दाखवला. कार्यक्षमता होती ६ टक्के. त्यावर त्यांनी खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या ठिकाणी ग्रामीण टेलिफोनच्या तारांवर त्याची चाचणी झाली. म्हणजे तारा पोचत नाहीत अशा जागी फोन चालता ठेवायचा, हेच या शोधाचं पहिलं काम! आपण रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाताना कात्राबाईच्या खिंडीत फोन लावून ठेवतो तेव्हा सौरघट त्याच्या जन्माच्या कामावर रुजू झालेला असतो.

त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अवकाशात. १७ मार्च १९५८ रोजी सुटलेला व्हॅनगार्ड-१ हा दीड किलोचा उपग्रह. त्यातली रासायनिक बॅटरी काही महिन्यांत संपली, पण सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक १९६४ पर्यंत बोलत राहिला. आपला आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला गेला, तोही अंगावर सौरघट लेवूनच.

पहिला हट्ट: समोरून बघा

पॅनेल मिळालेले फोटॉन मोजतं. ते जितकं सूर्याच्या समोर, तितके जास्त फोटॉन त्याच्या वाट्याला. तिरकं धरलं की तेवढंच पॅनेल उन्हाचा अरुंद पट्टा अडवतं. सूर्यापासून ६० अंश कललं तर वाटा थेट निम्म्यावर येतो.

आता हेच सह्याद्रीत लावून बघू. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भरदुपारी, साडेबाराच्या सुमारास, सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. रतनगडावरून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडाकडे निघालेला माणूस एकंदरीत दक्षिणेकडे चालत असतो. म्हणजे दुपारचा सूर्य त्याच्या तोंडावर आणि सॅकवरचं पॅनेल उत्तरेकडे तोंड करून! त्याला थेट ऊन मिळतच नाही, फक्त आभाळातून विखुरलेला उजेड मिळतो. त्याच दिवसांत सकाळी राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघालात, तर वाट पश्चिमेची आणि ऊन पाठीवर. सॅकवरचं पॅनेल बरं काम करतं. एकाच पॅनेलबद्दल दोन ट्रेकर दोन टोकांची मतं सांगतात, त्यामागे कधीकधी नुसती वाटेची दिशा असते. त्यात कारवीचं रान, झाडोरा, चालताना हलणारी सॅक आणि आपल्याच डोक्याची सावली.

म्हणून पॅनेलची खरी कमाई चालताना होत नाही, थांबल्यावर होते. जेवणाला थांबलात, पाण्यापाशी दीड-दोन तास विसावलात, मुक्कामी तीनलाच पोचलात, की घडी उलगडा. जमिनीवर आडवं पसरण्याऐवजी दगडाला टेकवून सूर्याकडे तोंड करून उभं ठेवा. डिसेंबरच्या दुपारी एवढ्यानेच थेट उन्हाची कमाई एक तृतीयांशाहून जास्त वाढते.

नेमकं समोर धरलंय हे ओळखायला कुठलंही उपकरण लागत नाही. एक पेन घ्या आणि पॅनेलवर काटकोनात उभं धरा. त्याची सावली पॅनेलवर लांब पडलेली दिसेल. आता पॅनेल हळूहळू वळवा, कलवा. सावली आखडत जाते, आखडत जाते आणि एका क्षणी पेनाच्या बुडाशी नाहीशी होते. तिथे थांबा. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी पुण्या-मुंबईत शाळकरी मुलं अंगणात हाच खेळ बघतात. तेव्हा सूर्य आपण होऊन डोक्यावर येतो, इथे आपण पॅनेलला त्याच्यासमोर नेतो. अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो, म्हणून जेवण उरकल्यावर पॅनेल पुन्हा एकदा वळवावं.

दुसरा हट्ट: कुणालाही झाकू नका

एका सौरघटातून अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब मिळतो. घट मोठा केला की विजेचा प्रवाह वाढतो, दाब तेवढाच राहतो, कारण तो सिलिकॉनच्या त्या १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टशी बांधलेला आहे. फोनच्या केबलला तर ५ व्होल्ट लागतात. म्हणून दहा-बारा घट एकापाठोपाठ एक जोडून दाबाची बेरीज करतात. घरावर स्लॅब पडत असतो तेव्हा माणसांची रांग हातोहात घमेली पुढे सरकवते, ते आठवा. बाकीचे सगळे दमदार असले आणि मधला एकच जण थांबला, तर घमेली तिथेच अडतात. पॅनेलमधल्या घटांचं तसंच आहे. जो प्रवाह पहिल्या घटातून जातो तोच शेवटच्यातून जायला हवा. एका घटावर पान पडलं, सॅकचा पट्टा आला, तंबूची दोरी आडवी गेली, की फोटॉन न मिळाल्याने तो घट अडतो आणि साऱ्या रांगेचा प्रवाह त्याच्या पातळीवर उतरतो. पॅनेलचा दहावा भाग झाकला तर दहावा भाग वीज जाईल, हा साधा हिशेब इथे चुकतो. निम्म्याहून जास्तही जाऊ शकते.

मोठ्या पॅनेलांत अडलेल्या घटांना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे डायोड असतात. छोट्या घडीच्या पॅनेलांत ती सोय बरेचदा नसते. म्हणून विरळ झाडाखाली, कवडशांच्या जाळीत पॅनेल ठेवू नये. चार पावलं चालून उघडा कातळ गाठावा आणि केबल लांब ठेवावी, म्हणजे पॅनेल उन्हात आणि आपण सावलीत.

ढगांचीही एक गंमत आहे. ढग आला की पॅनेलचा दाब कोसळतो. ढग सरकल्यावर वीज परत येते, पण काही फोन मधल्या काळात 'हा चार्जर कमजोर आहे' असा निष्कर्ष काढून थोडीच वीज ओढत बसतात. केबल काढून पुन्हा लावली की बोलणी नव्याने होतात. यावर उत्तम उपाय म्हणजे दिवसा पॅनेलने पॉवर बँक भरावी आणि रात्री पॉवर बँकेने फोन.

तिसरा हट्ट: ऊन द्या, ताप नको

सोलर म्हणजे उन्हाचं यंत्र, तेव्हा जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात पॅनेलला प्रकाश हवा असतो आणि उष्णता नको असते. सिलिकॉन तापलं की अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉन प्रकाशाशिवायच सुटायला लागतात आणि दोन थरांमधल्या सीमेचा धाक कमी होतो. दाब उतरतो. दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. तापल्या कातळावर सपाट पसरलेलं काळं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज जातं. पॅनेलवर छापलेला वॅटचा आकडा २५ अंशांचा असतो. चाळीस अंशांच्या या फरकात सातवा हिस्सा वीज गेली! दगडाला टेकवून उभं ठेवण्याचा हा दुसरा फायदा: मागून वारा खेळतो.

याची दुसरी बाजू मला फार मोहवते. लडाखमध्ये लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाएवढा. प्रकाशाला अडवायला हवा कमी, बाष्प अगदी कमी, आणि थंडी भरपूर. बर्फ आजूबाजूला असेल तर तेही अंगावर पडलेल्या उजेडातला बहुतांश परत फेकतं. बोटं गारठवणाऱ्या अशा सकाळी पॅनेल छापलेल्या आकड्याला भिडू शकतं, कधी ओलांडूही शकतं. वैशाखातल्या रणरणत्या दुपारी नाशिकजवळच्या कातळावर ते जे करणार नाही, ते हिमालयातल्या थंड पठारावर करतं.

बॅटरीचा स्वभाव मात्र वेगळा. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका टोकाच्या थरांतून निघून दुसऱ्या टोकाच्या थरांत जाऊन बसतात. शून्य अंशाखाली त्यांना आत शिरायला वेळ लागतो आणि चार्जिंग चालू ठेवलं तर ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. बॅटरी कायमची बिघडते. फार ताप झाला तरी तिचं आयुष्य घटतं. म्हणून हिमालयात रात्री फोन आणि पॉवर बँक झोपण्याच्या पिशवीत घ्यावी, सकाळी आधी अंगाच्या उबेवर आणावी आणि मग चार्जिंगला लावावी. सह्याद्रीत उलट काळजी: पॅनेल उन्हात, बॅटरी पॅनेलच्या मागच्या सावलीत.

पाठीवर छोटं पॅनेल चिकटवलेली पॉवर बँक घेताना विचार करायला हवा तो इथेच. तिला चार्ज करायचं तर बॅटरीसकट उन्हात तापवावं लागतं. हिशेबही बघा. १५ सेंटिमीटर लांब, साडेसात सेंटिमीटर रुंद पॅनेल. ऊन अगदी समोरून, कार्यक्षमता २० टक्के. मिळाले सव्वादोन वॅट. आणि २०,००० एमएएचच्या बँकेत मावतात ७४ वॅट-तास. कागदावरच ३३ तास झाले. गळती धरून, दिवसाला पाच तास चांगलं ऊन मिळतं असं मानलं, तर आठवडा उलटतो. अडीअडचणीला चार मिनिटं बोलण्यापुरती वीज ती देईल. ट्रेक तिच्या भरवशावर करू नये.

किती लागतं, किती मिळतं

हिशेब वॅट-तासांत केला की सोपा होतो. ५००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास मावतात. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७; दाब बदलताना आणि फोन भरताना होणारी गळती धरून तिच्यातून फोन साधारण दीड वेळा भरतो. २८ वॅटचं पॅनेल उष्णता आणि गळती सोसून प्रत्यक्षात १५ ते १८ वॅट देतं. दुपारी दोन तास नीट धरलं तर तीसेक वॅट-तास झाले: एक फोन पूर्ण आणि हेडटॉर्चसाठी थोडं वर.

यावरून काय न्यावं ते ठरतं. एका-दोन मुक्कामांच्या ट्रेकला पॅनेल नको. दोनशे ग्रॅमची पॉवर बँक पुरते. राजगड-तोरणा-रायगडसारख्या तीन-चार दिवसांच्या वाटेवर चौघांत एक पॅनेल नेलं तर वजन वसूल होतं. आठवड्याच्या रेंज ट्रेकला किंवा हिमालयात ते सोबतीला असावंच. पावसाळ्यात घरी ठेवावं. दाट ढगांखाली त्याची कमाई दहा-वीस टक्क्यांवर येते. आणि पॅनेल असो-नसो, टॉर्चची जादा बॅटरी आणि कागदावरचा नकाशा सॅकमध्ये हवाच.

जितकं मिळवायचं तितकंच वाचवायचंही. दरीत रेंज नसते तेव्हा फोन टॉवर शोधण्यात जीव काढतो. तो फ्लाइट मोडवर टाकावा. नकाशा आधीच उतरवून घेतलेला असला तर जीपीएस तरीही चालतं, कारण त्यासाठी फोनला काही पाठवावं लागत नाही, फक्त ऐकावं लागतं. ऐकायचं ते २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचं. आणि ते उपग्रह कशावर चालतात? सौरघटांवर! खिंडीत उभं राहून आपण नकाशावरचा निळा ठिपका बघतो, तेव्हा वरून हाक देणारा आणि खाली ऐकणारा असे दोघेही त्याच उन्हावर जगत असतात.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सिलिकॉन शुद्ध करायला पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. छपरावरचं पॅनेल ती साधारण वर्षा-दीड वर्षात परत करतं, कारण ते रोज काम करतं. वर्षातून दहा दिवस बाहेर निघणारं घडीचं पॅनेल ते ऋण फेडू शकत नाही. म्हणून ट्रेकहून आल्यावर ते माळ्यावर टाकू नका. गॅलरीत दक्षिणेच्या कठड्याला बांधा आणि घरातले फोन, टॉर्च, रेडिओ त्याच्यावर भरा.

आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्याला बरोबर घ्या. काहीशे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो. तो पॅनेल आणि पॉवर बँक यांच्यामध्ये लावला की व्होल्ट आणि अँपिअर डोळ्यांसमोर दिसतात. त्याला एकाच घटावर तळहात ठेवायला सांगा आणि आकडा कसा पडतो ते बघू द्या. पेनाची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल वळवू द्या, आकडा चढेल. पॅनेलच्या पाठीला ओलं फडकं लावू द्या. आकडा आणखी थोडा वर सरकतो का ते बघू द्या. प्रत्येक वेळी 'का?' हा प्रश्न त्याच्याकडूनच येऊ द्या. समोर असावं, झाकू नये, तापू देऊ नये: हे तीन नियम ज्याने स्वतःच्या हाताने पडताळले, त्याला सोसायटीच्या गच्चीवरची पॅनेल दक्षिणेकडे का कलवतात, पाण्याच्या टाकीची सावली त्यांच्यावर का पडू द्यायची नाही आणि मराठवाड्यातल्या शेतावरचा सौर पंप थंडीच्या दिवसांतल्या स्वच्छ दुपारी इतका चांगला का चालतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. कातळावर अर्ध्या किलोच्या पॅनेलशी झालेली ही ओळख त्याला पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडणार आहे, कारण त्याच्या वाट्याच्या विजेचा मोठा हिस्सा याच इलेक्ट्रॉनांनी घातलेल्या वळशातून येणार आहे.